फळ्यावर ‘पाणी’ लिहिणारे मासळीचे दुकान

नेरुळ स्थानकाच्या पश्चिमेला उतरून सारसोळे गावाच्या दिशेने चालू लागले की पाम बीच रस्त्याच्या बऱ्याच अलीकडे, पिठाच्या गिरणीला लागून असलेल्या एका गाळ्यात मासळीचे दुकान आहे. त्याला नाव नाही. पाटीवर ‘ताजी मासळी’ एवढेच रंगवलेले आहे आणि आसपासच्या इमारतींतले लोक त्याला फळ्यावाल्या ताईंचे दुकान म्हणतात. गेले सव्वा वर्ष मी बुधवारी आणि रविवारी तिथून मासळी घेतो. नवी मुंबईत मासळीच्या दुकानांची वानवा नाही आणि दिवाळ्याच्या बाजाराला अजूनही तोड नाही. असे असताना या लहानशा गाळ्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, ते त्या फळ्यामुळे.

फळा साधा आहे, शाळेत असतो तसा काळा. त्यावर रोज सकाळी खडूने पाच रकाने भरले जातात: मासळी, भाव, बंदर, जाळे आणि पाणी. पहिले दोन सगळीकडे असतात. ‘बंदर’ म्हणजे ती मासळी कुठे उतरली: भाऊचा धक्का, ससून डॉक, करंजा, सातपाटी किंवा नुसतेच सारसोळे. ‘जाळे’ या रकान्यात डोल, वागरा (मासा अडकवणारे पडद्यासारखे जाळे), ट्रॉल (नौकेमागे ओढायचे जाळे), पर्ससीन (थव्याला वेढून खालून आवळायचे जाळे) किंवा गळ असे लिहिलेले असते. शेवटच्या रकान्यात तीनच शब्द आलटून पालटून येतात: खाडी, आत आणि बाहेर. ‘आत’ म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आतले पाणी आणि ‘बाहेर’ म्हणजे त्यापलीकडचे. पहिल्यांदा हा रकाना वाचला तेव्हा हे हौसेचे काम वाटले होते. आता मात्र मी दुकानात शिरल्यावर भावाच्या आधी तो रकाना वाचतो.

बारा सागरी मैल म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. या रेषेच्या आतली मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते, कारण राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात ‘मत्स्यव्यवसाय’ हा विषय राज्यसूचीत आहे. प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी मात्र संघसूचीत आहे, आणि १९७६ च्या सागरी क्षेत्रांविषयीच्या कायद्याने दोनशे सागरी मैलांपर्यंतचा, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंतचा पट्टा केंद्राच्या देखरेखीखाली आला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा असून २०२१ मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. हा सगळा तपशील दुकानाच्या परीक्षणात कशाला, असे वाचकाला वाटेल. परंतु ताईंच्या दुकानातला बोंबील आणि शेजारच्या टोपलीतली सुरमई या दोन वेगळ्या सरकारांच्या पाण्यातून येऊन एकाच बर्फावर पडतात, आणि त्या दोघांविषयी आपल्याला किती माहिती मिळू शकते यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक या फळ्यावर उघड दिसतो आणि माझ्या दृष्टीने या दुकानाचे मोल त्यातच आहे.

आधी मासळीच्या दर्जाविषयी. खाडीची आणि ‘आत’ची मासळी इथे उत्तम मिळते, यात शंका नाही. ताईंचे भाऊ लहान होडी घेऊन खाडीत जातात आणि बोय, शिंगटी, चिंबोऱ्या, निवट्या आणि कधी नशीब असले तर खाजरी असे जे मिळेल ते थेट दुकानात येते. बोंबील बहुधा डोलीचे असतात. डोल जाळे म्हणजे समुद्रात खुंट ठोकून किंवा नांगर टाकून उभे केलेले शंकूसारखे लांबलचक जाळे. भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर जे वाहत येईल ते त्याच्या शेपटाकडच्या खोळीत साठते. त्यामुळे उधाणाच्या दिवसांत फळ्यावर ‘डोल’ हा शब्द चार-पाच ओळींत दिसतो आणि भांगाच्या, म्हणजे मंद भरती-ओहोटीच्या, दिवसांत एखाद्याच ओळीत, किंवा मुळीच नाही. मी नव्याने इथे येणाऱ्यांना सांगेन की बोंबील घ्यायचे असतील तर अमावास्या-पौर्णिमेच्या पुढच्या दोन-चार दिवसांत यावे. भांगात आलेला बोंबील ताई स्वतःच “आज नको, काका” म्हणून परत टोपलीत टाकतात, हे मी दोनदा पाहिले आहे.

गेल्या डिसेंबरात त्यांनी माझ्यासमोर बोंबील चिरला तेव्हा त्याच्या पोटातून गुलाबीसर जवळ्याचा गोळा निघाला. जवळा हे बोंबलाचे मुख्य अन्न आहे, आणि तोच जवळा पलीकडच्या फळीवर वाळवून मापाने विकायला ठेवलेला होता. ताईंनी काही न बोलता सुरीच्या टोकाने एकीकडून दुसरीकडे बोट दाखवावे तसे दाखवले आणि पुढचा बोंबील हातात घेतला. मत्स्यशास्त्रज्ञ ज्याला परिसंस्थेवर आधारित मत्स्यव्यवस्थापन म्हणतात, त्याचा गाभा मला त्या फळीवर जितका कळला तितका लेख वाचून कळला नव्हता. एकट्या बोंबलाचा साठा मोजून त्यावर बंधने घालण्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण बोंबील जवळ्यावर जगतो, मोठी मासळी बोंबलावर जगते, आणि एकच डोल एकाच ओहोटीत जवळा, बोंबील आणि पापलेटाची कोवळी पिल्ले तिघांनाही ओढून घेते. मासा, त्याचे खाद्य, त्याला खाणारा, त्याची पिल्ले जिथे वाढतात ती खारफुटी, आणि पकडणारा माणूस, या सगळ्यांचा हिशेब एका वहीत मांडायचा असे हे व्यवस्थापन सांगते. अडचण अशी की आपल्याकडे वह्या दोन आहेत.

कोवळ्या पिल्लांविषयी हे दुकान कडक आहे. सुरमई कापायच्या लाकडी ठोकळ्याच्या कडेला ताईंनी पट्टीसारख्या खुणा कोरून घेतल्या आहेत आणि त्यातली एक खूण लाल रंगाची आहे. ती पापलेटाची, १३५ मिलिमीटरची. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याजोगा किमान आकार अधिसूचित केला, त्यात चंदेरी पापलेटाचा आकार एवढा ठरला. केरळ या बाबतीत आपल्या पुढे होते. तिथे २०१५ पासूनच असे आकार ठरवायला सुरुवात झाली होती. त्याच २०२३ साली आपण पापलेटाला राज्यमासा म्हणून घोषित केले आणि थोड्याच दिवसांत गुजरातने घोळ हा आपला राज्यमासा ठरवला. दोन्ही मासे राज्याची सीमा पाहून पोहत नाहीत, ही गोष्ट वेगळी. १३५ मिलिमीटर म्हणजे माझ्या पंजावर ठेवला तर मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंतही न पोचणारा मासा. माझ्या मते ही मर्यादा उदारच आहे, पण ती उदार मर्यादासुद्धा किती दुकाने पाळतात हे ज्याने संध्याकाळच्या बाजारात शंभर रुपयांना बारा-पंधरा पापलेटांचा वाटा घेतला आहे त्याला विचारावे. असा वाटा या गाळ्यात मी एकदाही पाहिला नाही.

कायद्यातली एक मेख इथे सांगायला हवी. किमान आकाराचा नियम राज्याचा असल्यामुळे त्याची धार राज्याच्या पाण्यापुरती आणि राज्याच्या बंदरांपुरती. मासा मात्र अंडी घालायला एका पाण्यात, वाढायला दुसऱ्या पाण्यात आणि पकडला जायला तिसऱ्याच पाण्यात असतो. पापलेटाची पिल्ले उथळ किनाऱ्यालगत वाढतात, तिथे डोलीच्या खोळीत सापडतात, आणि जी सुटतात ती खोल पाण्यात गेल्यावर वेगळ्या नियमाखाली येतात. राज्याने आपल्या भागात जाळ्याचा आस, म्हणजे त्याच्या डोळ्याचा आकार, मोठा करायला लावला आणि बाहेर कोणी विचारलेच नाही, तर आतल्या कोळ्याने सोडून दिलेला मासा बाहेरच्या ट्रॉलरच्या बर्फात जातो. तांडेल, म्हणजे नौका चालवणाऱ्या, लोकांची या विषयावरची सगळी चीड इथून येते, आणि ती मला रास्त वाटते. ट्रॉलच्या खोळीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लावायचा नियम आहे. तो कोणत्या नौकेने पाळला हे धक्क्यावर उतरलेल्या टोपलीकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही.

इथून या दुकानाच्या उणिवेकडे वळतो. फळ्यावरचा ‘खाडी’ हा शब्द मी डोळे मिटून खरा मानतो, कारण होडी घरची आहे. ‘आत’ हा शब्दही बहुतेक वेळा विश्वासार्ह असतो, कारण डोल आणि वागरा लावणाऱ्या ज्या चार-सहा घरांतून मासळी येते ती नात्यातली आहेत. ‘बाहेर’ हा शब्द मात्र पुष्कळदा अंदाजाने लिहिलेला असतो. मार्चमध्ये मी दीड किलोची सुरमई घेतली. फळ्यावर ‘भाऊचा धक्का, गळ, बाहेर’ असे होते. घरी आणल्यावर तिच्या कल्ल्यांजवळ आणि पाठीवर जाळ्याचे वळ स्पष्ट दिसले आणि मांसही थोडे सैल लागले. गळाने धरलेली सुरमई अशी नसते. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा ताईंनी लपवाछपवी केली नाही. “धक्क्यावर जसं सांगलं तसं लिवलं, काका. पुढचं मना म्हाईत नाय,” असे त्या म्हणाल्या आणि पुढच्या खरेदीत शंभर रुपये कमी केले. पैशांचा प्रश्न मिटला, पण रकान्याचा मिटला नाही.

त्यांचे उत्तर प्रामाणिक होते आणि ते देशातल्या बहुतेक मासळीविक्रेत्यांचे उत्तर आहे. मोठ्या बंदरात रात्री दोन-अडीच वाजता लिलाव सुरू होतो तेव्हा पाच-सात नौकांचा माल एकमेकांत मिसळतो, आणि व्यापाऱ्याच्या टोपलीत आल्यावर त्याचा जन्मदाखला संपतो. गंमत म्हणा वा दैवदुर्विलास, हाच मासा परदेशी जायचा असेल तर त्याला दाखला मिळतो. बेकायदा मासेमारीविरुद्धचे युरोपीय संघाचे नियम २०१० पासून लागू झाल्यावर तिथे जाणाऱ्या मालाबरोबर तो कुठल्या नौकेने पकडला याचे प्रमाणपत्र द्यावे लागते आणि ते देण्याची व्यवस्था कोचीच्या सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाने केली आहे. अमेरिकेने तर समुद्री कासवांना सुटकेची वाट ठेवणारी जाळी भारतीय ट्रॉलर वापरत नाहीत म्हणून समुद्रातून पकडलेली भारतीय कोळंबी घेणेच थांबवले. कासवासाठीची ती जाळी बनवण्याचे तंत्र आपल्याच कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने आपल्या पाण्याला साजेसे करून दिलेले आहे. म्हणजे तिकडच्या ग्राहकाला कासवाची चौकशी करता येते आणि नेरुळच्या ग्राहकाला सुरमई गळाची की जाळ्याची हेही कळू नये, अशी आपली रीत आहे. ताईंचा फळा ही रीत मोडायचा एकट्याने केलेला प्रयत्न आहे आणि तो जिथे अडतो ती जागा बरोबर बारा मैलांची आहे.

हे निव्वळ योगायोगाने घडलेले नाही. राज्याच्या पाण्यासाठी १९८१ पासून कायदा आहे, परवाने आहेत, दंड आहेत, पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर बंधने आली आणि ती मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांपुरती ठेवली गेली. २०२१ च्या दुरुस्तीने प्रखर एलईडी दिव्यांच्या साह्याने मासेमारी करणाऱ्याला पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत दंड ठेवला. बाहेरच्या पाण्यात मात्र परदेशी नौकांसाठी १९८१ चाच एक केंद्रीय कायदा होता आणि आपल्या स्वतःच्या नौकांसाठी अनेक वर्षे सर्वंकष असे काही नव्हते. पावसाळी बंदीचे आदेश निघत, २०१७ च्या नोव्हेंबरात एलईडी मासेमारीवर केंद्राने बंदी घातली, सागरी मत्स्यव्यवसायाच्या विधेयकाचे मसुदे आले आणि बारगळले. या पोकळीत काय होते याचे उदाहरण तामिळनाडूने पुरवले. त्या राज्याने आपल्या पाण्यात पर्ससीन बंद केले. मच्छीमार सर्वोच्च न्यायालयात गेले. आणि न्यायालयाने जानेवारी २०२३ च्या अंतरिम आदेशात बारा मैलांपलीकडे, आठवड्यातून सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळात ती मासेमारी करू दिली. पर्ससीन नौकेला त्या बाहेरच्या पाण्यात जायला आणि परत यायला राज्याचेच पाणी ओलांडावे लागते. ताईंच्या दुकानात हा विषय निघाला तेव्हा त्यांच्या भावाने विचारले की तारलीच्या थव्याला गुरुवार कसा कळणार. मला उत्तर सुचले नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातील, म्हणजे बारा ते दोनशे मैलांच्या पट्ट्यातील, मत्स्यसंपदेच्या शाश्वत वापराविषयीचे नियम अधिसूचित केले. १९७६ च्या कायद्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी आलेल्या या नियमांनुसार यांत्रिक आणि मोठ्या मोटारनौकांना बारा मैलांपलीकडे मासेमारीसाठी ‘रिअलक्राफ्ट’ या संकेतस्थळावरून प्रवेश पास घ्यावा लागेल, लहान पारंपरिक नौकांना तो लागणार नाही, एलईडी आणि दोन नौकांनी मिळून ओढायच्या ट्रॉलला बंदी राहील, आणि मासळीचा किमान आकार व व्यवस्थापन आराखडे राज्यांशी सल्लामसलत करून ठरतील. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला होता; इस्रोच्या तंत्रज्ञानावरचे हे यंत्र तांडेलाला वादळाचा इशारा देते आणि नौका कुठे आहे हेही सांगते. कागदावर पाहता ताईंच्या शेवटच्या रकान्याला लागणारी सगळी सामग्री आता तयार आहे. पास आहे, नौकेचा ठावठिकाणा आहे. लिलावाच्या टोपलीला त्या पासाचा क्रमांक बांधायचे काम तेवढे राहिले आहे, आणि निर्यातीच्या मालासाठी तेही होऊ घातले आहे. घरगुती बाजाराचे काय, यावर मला समाधानकारक काही वाचायला मिळाले नाही. दुकानाचा एक गुण मी या रकान्यापायी कापला आहे, पण खरे तर तो कापायचा दुसरीकडे.

दोन सरकारांच्या पाण्यात विभागलेला मासा ही केवळ आपली डोकेदुखी नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांचे पाणी तीनच मैलांपर्यंत आहे आणि त्यापुढे दोनशे मैलांपर्यंत केंद्राचे. केंद्राच्या पाण्यासाठी १९७६ च्या कायद्याने आठ विभागीय परिषदा नेमल्या. पण मासे रेषा ओलांडतात हे तिथल्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांनी त्याहून आधी ओळखले होते आणि १९४२ मध्ये एक सामाईक आयोग स्थापला, ज्यात आज पंधरा राज्ये आहेत. या आयोगाने २०२० मध्ये मेनहेडन नावाच्या, आपल्या तारलीच्या जातकुळीतल्या माशाची पकड ठरवताना स्ट्राइप्ड बास या त्याला खाणाऱ्या माशाची भूक हिशेबात धरायचे ठरवले. जवळा आणि बोंबील यांना हे लागू केले तर महाराष्ट्र आणि गुजरात यांनी एकत्र बसून, केंद्राला मध्ये घेऊन, जवळ्याचा किती भाग बोंबलासाठी पाण्यात राहू द्यायचा हे ठरवल्यासारखे होईल. आपल्याकडे दोन राज्यांतला मासेमारीचा संवाद सिंधुदुर्गासमोर आलेल्या कर्नाटकाच्या हायस्पीड ट्रॉलरांच्या पाठलागापलीकडे क्वचितच जातो, हे ध्यानात घेता ती कल्पना सध्या लांबची आहे. तरी कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर, म्हणजे पंचेचाळीस वर्षांतल्या नीचांकावर घसरल्याचे नोंदवले होते, एवढी आठवण ठेवली तर ती फार लांब ठेवून चालणार नाही.

पावसाळ्यात हे दुकान कसे चालते याविषयी लोक मला विचारतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. राज्य आपल्या पाण्यापुरती आणि केंद्र बाहेरच्या पाण्यापुरती एकाच तारखांची बंदी लावते, आणि दोन्ही सरकारांची घड्याळे जुळलेली दिसतात ती मुख्यतः इथेच. पूर्वी आपल्याकडे १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट यांतले जे आधी येईल तोवर बंदी असे आणि जुने कोळी अजून त्याच हिशेबाने बोलतात. या दोन महिन्यांत ताईंच्या फळ्यावर दोन-तीनच ओळी उरतात. बिनयंत्राच्या होडीने खाडीत धरलेली बोय आणि चिंबोरी, सुका बोंबील, सुका जवळा. पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला उठत असल्याने जूनच्या शेवटी तिकडचा माल बर्फातून येऊ लागतो. ताई तो ठेवतात, पण ‘बंदर’ रकान्यात ‘पूर्व’ असे लिहून आणि वेगळ्या टोपलीत. समोरच्या गल्लीतल्या एका दुकानाने मला त्याच आठवड्यात बर्फातला पापलेट “आजच उतरलाय” म्हणून देऊ केला होता. आज कुठल्या किनाऱ्यावर, असे विचारल्यावर त्याने विषय बदलला.

खाडीच्या मासळीविषयी मात्र एक इशारा द्यायला हवा, कारण तो मला ताईंनीच दिला. ठाणे खाडीच्या बाजूने कधी कधी बोय येते तिला रॉकेलसारखा वास असतो. अशी बोय त्या विकत नाहीत, पण ओळखायला शिकवतात. कल्ले उघडून नाकाशी धरायचे, पोटाकडे धरून उपयोग नाही. या खाडीचा १६९० हेक्टरांचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. किनाऱ्याची खारफुटी कोळंबीची आणि बोयीची पाळणाघरे आहेत आणि खारफुटीला वनखात्याचा कांदळवन कक्ष राखतो. जाळ्यावर मत्स्यव्यवसाय खात्याची नजर असते, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या सांडपाण्यावर प्रदूषण मंडळाची, जहाजांच्या मार्गावर बंदर प्राधिकरणाची आणि काठच्या जमिनीवर सिडकोची किंवा महापालिकेची. राज्य आणि केंद्र यांच्यातली रेषा खोल समुद्रात आहे; खाडीत अशा पाच-सहा रेषा आहेत आणि त्या सगळ्या एकाच बोयीच्या अंगावरून जातात. बोय उत्तम मिळाली तर श्रेय कोणाचे आणि वास आला तर तक्रार कोणाकडे, हे ताईंनाही सांगता आले नाही. त्या रकान्यात त्या ‘खाडी’ लिहितात आणि पुढे कधी कधी एक लहानशी फुली मारतात. फुली असली की त्या दिवशी खाडीची मासळी घेऊ नये.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. दुकान सकाळी आठच्या सुमारास उघडते आणि माल संपला की बंद होते. रविवारी साडेदहानंतर गेल्यास बोंबील मिळण्याची आशा ठेवू नये. सोमवारी बंद. भाव सारसोळ्यातल्या आणि करावे गावातल्या फेरीवाल्यांपेक्षा किलोमागे पन्नास ते शंभर रुपये जास्त आहेत आणि दिवाळ्यापेक्षा तर निश्चितच जास्त. वजनकाटा चोख आहे, साफ करण्याआधीचे वजन आणि नंतरचे वजन दोन्ही दाखवले जाते. कापणी बरी, पण हलव्याच्या तुकड्या जाड येतात आणि सांगूनही पातळ होत नाहीत. बोंबील दाबून पाणी काढून देण्याची सोय आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत. फोनवरून पैसे घेतात. घरपोच सेवा नाही आणि ती सुरू करू नये असे माझे मत आहे, कारण फळा घरपोच येत नाही. गाडी उभी करायला जागा नाही. गिरणीवाल्यांशी वाद घालण्यापेक्षा स्थानकावरून चालत यावे.

गर्दीच्या वेळी फळा वाचायला कोणी थांबत नाही, हेही नोंदवायला हवे. बहुसंख्य गिऱ्हाइके भाव पाहतात, कल्ले दाबतात आणि पिशवी पुढे करतात. एका काकूंनी माझ्यासमोर विचारले होते की हे ‘आत-बाहेर’ म्हणजे शिळे-ताजे का. ताईंनी समजावले आणि काकूंनी मान हलवून पापलेटच घेतले. तरीही गेल्या पावसाळ्यानंतर एक बदल दिसतो आहे: कोवळा पापलेट मागणारे कमी झाले आहेत, निदान या गाळ्यात, कारण लाल खुणेशी मासा लावून दाखवला की बरेच जण स्वतःहून तो परत ठेवतात.

गेल्या रविवारी सुरमई पुन्हा होती, तजेलदार, कल्ले लालभडक. फळ्यावर ‘भाऊचा धक्का’ लिहिले होते आणि त्यापुढचे दोन्ही रकाने कोरे होते. मी त्यांच्याकडे पाहिले तसे ताईंनी खडू काट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, “विचारलं, पण कोनी सांगलं नाय.” मी अर्धा किलो बोंबील घेतले. ते डोलीचे होते, आतले.